बिनमिरचीचं भरीत

अकरा रात्री मी लवंग दाबून झोपले.
सांगायचं काय, दाढच ती,
दुखते आणि राहते.

पण ह्यांचा कान मोटारीचा.
यावलच्या बसस्टँडमागे तीस वर्षं
जळालेल्या मोटारी उघडणारा माणूस,
कवचाला कान लावून सांगतो
बेअरिंग गेलं की कॉइल.
बाराव्या रात्री अंधारातच म्हणाले,
"तू डावीकडून चावत नही व.
शेंगदाण्याचा आवाज एकाच अंगानं येतो."

रब्बीचा ऐन हंगाम,
रात्रीच्या लाइटवर केळीला पाणी,
व्होल्टेज पडलं की दुकानापुढे मोटारींची रांग.
त्या रांगेदेखत शटर ओढलं
आणि वर खडूनं लिहिलं: दुपारनंतर.
कोणत्या दिवशीच्या, ते नाही लिहिलं.

भुसावळला जाताना तापीच्या पुलावर
थंडी मफलरमधून थेट दाढेत.
मी ह्यांच्या पाठीला गाल टेकवला, दुखरा.
भर रस्त्यात असं कधी केलं नव्हतं.

डॉक्टर म्हणजे पोरगीच, आमच्या हर्षालीएवढी.
"काका, तुम्ही बाहेर बसा."
"बसतो," म्हणाले,
आणि आतल्या स्टुलावर बसले.
हात धरायला जागा नव्हती,
इकडे ट्रे, तिकडे थुंकीची नळी,
म्हणून माझा पाय धरला,
घोट्याशी, शाफ्ट धरतात तसा घट्ट.
व माय! त्या नर्सच्या देखत!
ओढून घ्यावा तर तोंडात अर्धी हत्यारांची पेटी.

सुई बसली. ओठ दुसऱ्या कुणाचा झाला.
मग बारीक तारा निघाल्या,
पिवळ्या मुठीची, लाल मुठीची, निळी.
हे पुढे वाकले.
"मॅडम, ही किती गेजची?"
"पंचवीस नंबर, काका."
"आमच्यात उलटं. नंबर वाढला की तार बारीक."
आणि दोघं बोलत राहिले माझ्या तोंडावरून:
जळालेलं आधी सगळं काढायचं,
खाच खरवडायची,
जरासं राहिलं तरी पुन्हा जळतं.
"मग आम्ही नवी तार भरतो," हे म्हणाले.
"आम्ही नाही. आम्ही बंद करतो.
दात राहतो, त्याला कळत काही नाही."
हे गप्प झाले.
घोट्यावरची पकड तेवढी बदलली.

तेव्हा त्या दिव्याखाली मला दिसलं:
बाळाला भरवताना आई आ करते
तसा ह्यांनी माझ्याबरोबर आ केलेला,
आणि आत, उजवीकडे,
दाढेची जागा रिकामी.
एक नाही, दोन.

कधी काढल्या?
हर्षालीची फी भरली त्या साली?
की त्या दिवाळीत, तोंड आलंय म्हणून
आठ दिवस नुसतं ताक प्यायले तेव्हा?
तोंडात कापूस होता.
पुलावर विचारलं, अर्ध्या ओठानं.
"वारा आहे," ओरडले, "घरी बोलू."

घरी बोलले नाहीत.
मागच्या अंगणात कपाशीच्या काड्या पेटवून
वांगी भाजली, ठेचली,
लसूण, कांद्याची पात, तेल,
आणि मिरची नाही.
इंदूबाई कुंपणावरून डोकावल्या.
"बिनमिरचीचं भरीत? सुतक आहे का घरात?"
"गिळ," हे मला म्हणाले, "चावू नको."
मी गिळलं, थोडं हनुवटीवर सांडलं.
समोर हे आपला घास
डाव्या गालात धरून हळूहळू फिरवत होते.
सव्वीस वर्षं मी ह्या ताटासमोर बसते,
मला कधी ऐकू आलं नव्हतं.

तीन खेपा झाल्या. टोपी बसली, पांढरी,
स्वस्तातली दाखवली होती, हे नको म्हणाले.
ते काउंटरवर नोटा मोजत होते तेवढ्यात
मी त्या पोरीच्या वहीत एक नाव लिहवून आले:
सुपडू भोळे, वय बावन्न,
येता सोमवार, दुपारनंतर.

ह्यांना अजून सांगितलं नाही.
दुकानातला खडू
माझ्या पर्समध्ये आहे.